टायरवरील तारांकन आणि वाशीम जिल्ह्यातील रस्ते : एक चिकित्सा

ऊर्जा दक्षता ब्युरोने 2021 मध्ये मोटारींच्या टायरसाठी ऐच्छिक तारांकन योजना सुरू केली. फिरताना टायर दबतो व पुन्हा उसळतो; या क्रियेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती, म्हणजेच रोलिंग रेझिस्टन्स, जितकी कमी तितके तारे अधिक. योजनेचा हेतू स्तुत्य आहे. मात्र वाशीमसारख्या जिल्ह्यातील ग्राहकाला ही खूण कितपत मार्गदर्शक ठरते, हे तपासणे आवश्यक वाटते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2006 मधील अहवालानुसार हा विरोध 10 टक्क्यांनी घटल्यास इंधनात 1 ते 2 टक्के बचत होते. वर्षाला 500 लिटर पेट्रोल लागणाऱ्या कुटुंबासाठी ही बचत 5 ते 10 लिटरची होय. ती खरी आहे, पण बेताचीच.

खरा प्रश्न चाचणीच्या स्वरूपाचा आहे. आयएसओ 28580 या मानकानुसार मोटारीचा टायर फिरत्या ड्रमवर ताशी 80 किलोमीटर वेगाने चालवून निष्कर्ष 25 अंश तापमानाला जुळवून घेतला जातो. आपल्याकडचा मे महिना या हिशेबात बसत नाही, हे सांगायला नकोच. डिसेंबर 2022 मध्ये खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटर वेगाने जाताना इंधनाचा मोठा वाटा हवेचा विरोध खातो. उलट काळ्या मातीवरील खचलेल्या तालुका रस्त्यांवर, 40 ते 50 च्या वेगात, टायरचा वाटा वाढतो. पण तेथे धक्के शोषतानाही शक्ती खर्च होते आणि त्याची नोंद गुळगुळीत ड्रमवर होत नाही.

प्रवासातील आरामाबाबत तर तारांकन मौनच पाळते. आराम हा गाडीच्या सस्पेन्शनवरही अवलंबून असल्याने एकट्या टायरला त्याचे गुण देता येत नाहीत, हा आक्षेप योग्य आहे. तथापि टायरच्या बाजूची उंची तरी ग्राहकास समजली पाहिजे. 165/80 आर 14 या टायरची ही उंची 132 मिलिमीटर, तर 195/55 आर 16 ची सुमारे 107. बाहेरील व्यास जवळपास सारखाच. पण हौसेने मोठी रिम बसविणारा खड्ड्याचा धक्का झेलणारी 25 मिलिमीटर उशी गमावतो. रुंद टायर व जड रिम यांमुळे इंधनही सहसा वाढते, ते वेगळेच.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे ताऱ्यांपेक्षा हवेचा दाब अधिक निर्णायक आहे. कमी हवेने इंधन वाढते व टायर तापतो. मायलेजच्या लोभाने जास्त भरल्यास प्रत्येक खड्डा पाठीला जाणवतो. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो व तो थंड टायरसाठी असतो. वाशीमहून भर दुपारी शेलूबाजारला पोहोचून समृद्धीवर चढण्यापूर्वी दाब मोजल्यास तो वाढलेलाच दिसणार; अशा वेळी हवा सोडून देणारा चालक पुढचा सारा प्रवास कमी हवेवर करीत असतो.