परमुलखातील मास्तरांचा सुट्टीचा दिवस

प्रवासवर्णन लिहिणारांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक, मुलूख पाहावयास म्हणून जाणारांचा; दुसरा, पोटासाठी किंवा विद्येसाठी परक्या मुलखात राहून सवड सापडेल तेव्हा तो पाहणारांचा. पहिल्याच्या हाती दिवस थोडे आणि गाठीचा पैसा खर्ची पडलेला, त्यामुळे प्रत्येक स्थळी आश्चर्य वाटून घेणे त्यास भागच असते. दुसऱ्यावर तशी सक्ती नाही. तो आठवड्याचे पाच-सहा दिवस परक्या गावी मुलांस शिकवितो, तेथल्या बाजारात भाजीचा भाव करतो, घरमालकाशी हुज्जत घालतो, आणि सुट्टीच्या दिवशी शिदोरी घेऊन गावाबाहेर पडतो. डोंगर दोघांनाही तोच दिसतो, पण डोंगराच्या पायथ्याशी राहणारा माणूस या दुसऱ्यालाच काही सांगण्याचा संभव अधिक. असे असता मराठीत या दुसऱ्या वर्गाचे वाङ्मय इतके तुटपुंजे का राहिले, याचा विचार कोणी फारसा केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या वर्गाचा आरंभ मात्र मोठा दमदार होता, आणि तो एका स्त्रीने केला. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या, आणि १८८४ पासून चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात स्वतः शिकत असता संस्कृत शिकवू लागल्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ च्या प्रारंभी त्या फिलाडेल्फियास गेल्या त्या काही आठवड्यांपुरत्या. पण राहिल्या जवळजवळ पावणेतीन वर्षे. या वास्तव्याचे फळ म्हणजे १८८९ साली प्रसिद्ध झालेला ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ. लिव्हरपुलाहून निघालेल्या जहाजाने त्याचा आरंभ होतो. त्यापुढे राज्यव्यवस्था, राहणी, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार, स्त्रियांची स्थिती अशी एकेक बाब घेऊन बाई तिचा समाचार घेतात. समाचार हा शब्द आम्ही दोन्ही अर्थांनी वापरीत आहो. अमेरिकेतील स्त्रियांच्या संस्थांचे त्यांस मनापासून कौतुक आहे. पण गुलामगिरीच्या इतिहासाकडे आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांची जी दशा गोऱ्यांनी केली तिच्याकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही. ज्या काळी विलायत पाहून आलेला पुरुष दिपून तरी जात असे किंवा बाटल्यासारखा मान खाली तरी घालीत असे, त्या काळी तिशीतल्या एका विधवेने एका राष्ट्राची अशी तपासणी मराठीत करावी, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या सुशिक्षित घरांच्या कपाटात हा ग्रंथ सहसा आढळत नाही. बाईंच्या धर्मांतराचा राग आम्ही त्यांच्या गद्यावर काढला, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तोटा झाला तो गद्याचा नव्हे, आमचाच.

तथापि या ग्रंथाविरुद्ध आमची एक तक्रार आहेच. त्यात राष्ट्र आहे, रविवार नाही. बाई कोणाच्या घरी उतरल्या, सकाळी थंडीने हात कसे गारठले, व्याख्यान नसलेला दिवस कोठे भटकण्यात गेला, हे जाणण्याची वाचकाची भूक फारशी भागत नाही. याचे कारण उघड आहे. बाई घरी परतल्या त्या शारदासदन काढण्यासाठी. ग्रंथ लिहिला तो लोकांस जागे करण्यासाठी. ज्याच्या डोक्यावर एवढे कार्य आहे त्याला स्वतःच्या सुट्टीच्या दिवसाविषयी लिहिणे चैनीचे वाटावयाचे. पण चेल्टनमच्या दिवसांत काय कमी घडले? बाईंनी पुरुषांस शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातील बिशपांनी तिकडे कळविला. कॉलेजच्या मुख्य मिस बील या बाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. अंडे घातलेले पुडिंग आपण खाणार नाही या साध्या गोष्टीवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची जी झटापट झाली, तीत एका संबंध चरित्राची धग आहे. हे सर्व आपणांस कळते ते १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून, आणि तो पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. म्हणजे अमेरिका मराठीस मिळाली, पण चेल्टनमची शिक्षिका मात्र इंग्रजीकडेच राहिली.

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’त (१९२४) अशीच एक विषमता दिसते. गोव्याहून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी जी वणवण त्यांनी अर्धपोटी केली, तिचे वर्णन मराठी गद्यातील अत्यंत निर्मळ पानांत मोडेल. विशेषणांचा सोस नाही, दुःखाचे प्रदर्शन नाही. पुढे ते १९१० साली ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले, तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा खटका उडाला, आणि १९१२ साली ते परतले. (ते संपादन छापून प्रसिद्ध झाले १९५० साली, म्हणजे कोसंबी निवर्तल्यावर तीन वर्षांनी.) पण पायी चालताना जो माणूस पानोपानी भेटतो तो बोस्टनच्या परिसरात येताच कामात बुडून दिसेनासा होतो. मुक्काम स्थिर झाला की मराठी लेखक स्वतःस लिहिण्याजोगा समजेनासा होतो, असा काही नियमच आहे की काय, अशी शंका येते.

त्यानंतर वारे फिरले. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने प्रवासवर्णनास ललित निबंधाची ऐट दिली, गंगाधर गाडगीळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’ने (१९५९) स्थळांहून माणसांवर अधिक नजर ठेविली, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) तर घरोघर विलायत नेऊन पोचविली. या पुस्तकांविषयी येथे अधिक लिहीत नाही. ती वाचकांस पाठ आहेत. एवढेच म्हणतो की, ‘अपूर्वाई’तील विनोदामागे पाहणारा जो चौकस मनुष्य आहे तो अनुकरण करणारांनी घेतला नाही, फक्त फजितीचे प्रसंग घेतले. विमानात चमचा पडला, परदेशी न्हाणीघराचा नळ उलटा फिरला, यांवर आता हसू येत नाही. जग तेवढे अपरिचित राहिलेले नाही.

हे सर्व आमच्या मनात घोळण्यास निमित्त झाले ते एका हस्तलिखिताचे. बोदवडचाच आमचा एक जुना विद्यार्थी मस्कत येथील एका शाळेत गणित शिकवितो. ओमानात २०१३ पासून सुट्टी शुक्रवार व शनिवार अशी असते. या दोन दिवसांत केलेल्या बारा सहलींचे वर्णन त्याने लिहून, प्रसिद्ध करण्याजोगे आहे किंवा कसे, हे आम्हांस विचारले आहे. भाषा शुद्ध, हस्ताक्षर वळणदार. पण बारांपैकी सात प्रकरणे आम्ही केवळ विद्यार्थ्याविषयीच्या मायेपोटी वाचली, हे सांगितले पाहिजे. किल्ला भव्य, समुद्र निळाशार, सूर्यास्त अविस्मरणीय, आणि खर्च अमुक रियाल. हे तर छायाचित्राखालीही लिहिता येते.

एक प्रकरण मात्र निराळे आहे. त्या देशात नदीच्या कोरड्या पात्रास वादी म्हणतात. दूर डोंगरात पाऊस पडला की इकडे ऊन असताही वादी अकस्मात वाहू लागते. अशा एका वादीत त्याची मोटार अडकली. बरोबर पत्नी व सहा वर्षांचा मुलगा. पाणी चाकाच्या निम्म्यावर आले तेव्हा एका अनोळखी बकरीवाल्याने मुलास खांद्यावर घेऊन काठावर नेले, परत येऊन बाईंस नेले, आणि मग मोटारीची आशा सोडावयास सांगून याचा हात धरला. या चार पानांत एकही विशेषण जास्त नाही. तेथे तो लेखक व्हावयाचे विसरला, म्हणून लेखक झाला. आपल्याकडचा नालाही असाच फसवतो हे त्यास तेव्हा आठवले आणि त्याने लिहिले. ती आठवण उसनी आणलेली वाटत नाही.

मग निझव्याच्या पानावर ती आठवण कोठे गेली? शुक्रवारी सकाळी तेथे बकऱ्यांचा बाजार भरतो. विकणारे जनावरांस धरून गोल फिरतात, घेणारे दोहों बाजूंस उभे राहून मोठ्याने भाव बोलतात. खानदेशातील गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून जो भाव मुकाट्याने ठरतो, तो पाहिलेल्या माणसास या दोन रीतींतील अंतरावर दोन पाने सहज लिहिता आली असती. आमच्या मास्तराने ‘मोठी गंमत’ असे लिहून पान उलटले.

त्याहून मोठी चूक फलजविषयी झाली आहे. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या भूजलास उतार देऊन गावापर्यंत आणलेला पाट. पाणी प्रथम पिण्यासाठी, मग धुण्या-न्हाण्यासाठी, आणि शेवटी खजुराच्या बागांस. बागाइतदारांचे वाटे वेळेवर मोजलेले, दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर. अशा पाच फलजांस २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. निझव्याचा दारिस फलज त्यांतला एक. आता खानदेशातील माणसाने हे पाहून काय करावे? त्यास पांझरेच्या काठचे फड आठवू नयेत? बंधाऱ्याचे पाणी कालव्याने नेऊन, जमिनीचे फड पाडून, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाण्याची पाळी पाटकऱ्याने राखावयाची, ही आपल्याकडची शेकडो वर्षांची रीत. दोन कोरड्या मुलखांतील शेतकऱ्यांनी सरकारावाचून पाण्याचा न्याय कसा केला, हा प्रश्न त्याच्या पायाखालून वाहत होता. बोदवडास उन्हाळ्यात पाण्याची जी ओढ असते ती त्याने लहानपणी डोक्यावर वाहिली आहे. पण तेथे तो म्हणतो, ‘पाणी थंडगार होते, मुलाने पाय बुडविले.’

आणि शाळा? बारा प्रकरणांत त्याचा एकही विद्यार्थी नाही. ज्यांची मायभाषा मल्याळम, तेलुगू, उर्दू अशी भिन्न, ज्यांनी आईबापांचे गाव फक्त सुट्टीत पाहिले, अशी मुले रोज त्याच्यासमोर बसतात. त्यांनी त्याला वाद्या दाखविल्या असतील, रस्ते सांगितले असतील. शाळेचे पाच दिवस लिहिण्याजोगे नाहीत असे त्यास वाटते, म्हणून सुट्टीचे दोन दिवसही पर्यटकाचे झाले आहेत. रमाबाईंकडे आपला दिवस गाळण्यास कार्याचे कारण होते. त्याच्याकडे तसे कोणतेच कारण नाही.

हस्तलिखित आम्ही परत पाठविले आहे. सात प्रकरणे गाळावीत, वादीचे प्रकरण आहे तसे प्रथम घालावे, आणि फलजच्या समासात आम्ही जो एकच प्रश्न लिहिला आहे, रात्री आभाळ भरून आले तर पाण्याची पाळी कोण व कशी मोजतो, त्याचे उत्तर तेथील एखाद्या म्हाताऱ्यास विचारून आणावे. ते आले म्हणजे पुस्तक छापावयास द्यावे, अशी शिफारस करण्यास आम्ही तयार आहो.