तीन फलकांवरील चित्रकला

चित्रप्रदर्शनास जाणारा रसिक पुरें झालेलें चित्र पाहावयास जातो. चित्रकारानें किती कागद फाडले, कोणता रंग लावून पुसला, याची चौकशी तो करीत नाहीं. कोणी सांगूं लागल्यास कंटाळतो. न्यूझीलंडमध्यें दरवर्षीं गांवोगांव फिरणारें ‘टॉप आर्ट’ हें शालेय विद्यार्थ्यांचें प्रदर्शन मात्र या चौकशीवरच उभें आहे; म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावेसे आम्हांस वाटले.

शाळेच्या शेवटच्या वर्षांतील, सतरा-अठरा वर्षांचीं हीं मुलें. चित्रकला, मुद्राचित्रण, छायाचित्रण, शिल्प किंवा संकल्पन यांपैकीं घेतलेल्या विषयांतील त्यांचें वर्षभराचें काम परीक्षेस जातें, तें बहुधा तीन फलकांवर चिकटवून. प्रत्येक फलक सुमारें २३ इंच रुंद व ३३ इंच लांब. सर्वोच्च श्रेणी मिळालेल्या कामांतून निवड करून परीक्षासंस्था तीं कलादालनांतून व शाळांतून हिंडविते. कल्पना एकदां मांडून थांबूं नये, तिच्यांतून दुसरी निघावी, अशी परीक्षेचीच अपेक्षा आहे. समजा, एका मुलीनें आजीची खुर्ची हा विषय घेतला. पहिल्या फलकावर खुर्ची खुर्चीसारखी असेल. दुसऱ्यावर तिची सावलीच उरेल. तिसऱ्यावर खुर्ची नसेलही, पण बसणारें माणूस उठून गेल्याचें पाहणारास कळेल. तीन तासांच्या परीक्षेंत हें कधींच साधणार नाहीं, आणि या पद्धतीचें जेवढें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

आमचा आक्षेप निराळा आहे. तीन फलकांवर जागा बेताची. काय लावावें व काय वगळावें हें विद्यार्थी गुरुजींच्या सल्ल्यानें ठरवितो. अर्थात् फसलेलें चित्र घरींच राहतें. त्यामुळें प्रत्येकाची वाट सरळ चढत गेल्यासारखी दिसते. तशी वाट कोणाचीच नसते! त्यांतून या फलकांपुढें पुढील वर्षाचे परीक्षार्थी वही घेऊन उभे राहतात. लहान चित्रांची रांग, शेवटीं एक मोठें, ही मांडणी त्यांच्या मनांत ठसते. पाहावें कसें, हें तितकेंसें ठसत नाहीं. उत्तम श्रेणीचा नमुना गिरविणें म्हणजे उत्तम चित्र काढणें नव्हे.

त्यांत ऑगस्ट २०२५ मध्यें तेथील सरकारनें ही सारी परीक्षापद्धतीच बदलून शंभरापैकीं गुण देण्याचा प्रस्ताव मांडला. पालकांस तें चटकन् समजेल, हें खरें. तथापि गुणांचा हिशेब जितका बारीक, तितका विद्यार्थी धोका पत्करण्यास भितो, असें आमचें मत आहे. त्याच देशाच्या कॉलिन मॅकॅहॉन या थोर चित्रकाराचें ‘व्हिक्टरी ओव्हर डेथ २’ हें अक्षरांनींच व्यापलेलें प्रचंड चित्र १९७० सालचें. न्यूझीलंड सरकारनें १९७८ सालीं तें ऑस्ट्रेलियास भेट दिलें, तेव्हां त्याची टवाळी झाली. त्या टवाळखोरांनीं त्यास शंभरापैकीं किती दिले असते?

गुणांचें काय व्हावयाचें तें होवो. प्रदर्शन भरविणारांस आमची एवढीच सूचना आहे कीं, विद्यार्थ्याची संमति असल्यास त्याच्या तीन फलकांशेजारीं त्यानें वगळलेलें एखादें बिघडलेलें चित्रही टांगावें. त्यास जागा फारशी लागणार नाहीं.