म्हण : पण कोणी म्हटलेली?

एमएस्सीनंतर मी संगणकीय भाषाविज्ञानात पीएचडीला लागलो आणि एका साध्या शब्दानं अडवलं. 'म्हण' हे नाम आहे, आणि 'कविता म्हण' यात तेच आज्ञार्थी क्रियापद. संगणक इथे गोंधळतो. गंमत म्हणजे हा गोंधळ शब्दाच्या जन्मातलाच आहे.

संस्कृत धातू 'भण्', म्हणजे बोलणे. प्राकृतात 'भणइ', मराठीत 'म्हणणे'. पुढच्या 'ण'च्या संगतीनं 'भ'ला नाकाची सवय लागली, त्याचा 'म' झाला. 'भ'मधला श्वास 'ह' बनून टिकला. जे पुन्हा पुन्हा म्हटलं जातं ती म्हण. हिंदीनंही हेच केलं : कहना, कहावत. आमच्या गोवंडीत एका मजल्यावर 'नाचता येईना अंगण वाकडं' आणि शेजारी 'नाच न जाने आँगन टेढ़ा' ऐकू येतं.

आता तक्रार. 1899 साली आल्फ्रेड मॅन्वेरिंग या मिशनऱ्यानं 'मराठी प्रॉव्हर्ब्ज' हा संग्रह काढला. विषयवार मांडणी, मूळ म्हण, इंग्रजी भाषांतर. मेहनत मोठी आहे आणि मी तो रोज वापरतो. पण त्यात म्हण आहे, म्हणणं नाही. कोण, कोणाला, कधी म्हणालं, हे बहुतेक ठिकाणी सापडत नाही. नंतरच्या कितीतरी संग्रहांनी हीच चाल उचलली. शाळेतल्या 'म्हण व अर्थ' या दोन रकान्यांतही तेच.

यानं काय बिघडतं? 'मुलगी म्हणजे परक्याचं धन.' पुस्तकात हे जुनं शहाणपण दिसतं. आमच्या जिन्यात ते एका दहावीतल्या मुलीच्या क्लासच्या फीवरून बोललं गेलं, म्हणजे तो सरळ नकार होता. बोलणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागली नाही, कारण 'असं म्हणतात' या वाक्याला कर्ताच नसतो. जातींवरच्या म्हणी तर याच आडोशानं टिकल्या.

म्हणून माझ्या नोंदींत आता अर्थाच्या शेजारी आणखी दोन रकाने आहेत : कोण म्हणालं, कोणाला म्हणालं. काम दुप्पट झालंय, गाईड वैतागलेत.

त्या मुलीच्या आईनं मात्र रकान्यांशिवायच काम केलं. तिनं एवढंच विचारलं, "कोण म्हणतं?" फी भरली गेली.

तुमच्या घरातली एखादी म्हण आठवून बघा. ती नेहमी कोणाच्या तोंडी असते, आणि ऐकून घेणारं कोण असतं?