शब्दाला जागणारा मारेकरी

दूरचित्रवाणीवरील एका काल्पनिक कथेचा विचार या पृष्ठांतून कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, ज्या कथा आमच्या मंडळीतील तरुण रात्री जागून पाहतात, त्यांतील नीती-अनीतीचा निवाडा त्यांच्यावरच सोडून देणे हे पाळकाच्या कर्तव्यास धरून नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकन मालिका २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत दाखविली गेली. तीतील जाकेन हगार हा मारेकरी अनेक प्रेक्षकांस आदरणीय वाटला. तो आदर कितपत योग्य, हे आम्हांस पाहावयाचे आहे.

दुसऱ्या पर्वात (२०१२) पित्याच्या शिरच्छेदानंतर वेष पालटून पळणारी आर्या स्टार्क ही मुलगी, आगीत सापडलेल्या तिघा कैद्यांस कुऱ्हाड देऊन वाचविते. त्यांतील जाकेन पुढे तिला सांगतो की, देवाचे तीन बळी तिने हिरावले आहेत. तिने तीन नावे सांगावी, म्हणजे हिशेब पुरा होईल. पहिले नाव ती एका छळ करणाऱ्याचे देते, दुसरे तिचे गुपित उघड करू पाहणाऱ्या सरदाराचे. तिसऱ्या वेळी ती जाकेनचेच नाव घेते आणि पलायनास साहाय्य मिळाल्यावरच ते मागे घेते. तो शब्द पाळतो, तिला एक नाणे देतो आणि चेहरा बदलून निघून जातो.

टॉम व्लाशिहा या जर्मन नटाने ही भूमिका मोठ्या संयमाने केली आहे. मंद स्वर, स्वतःचाही उल्लेख तृतीयपुरुषी, आणि क्रोधाचा लवलेश नाही. परंतु रूपांतरकारांनी येथे प्रेक्षकाची सद्सद्विवेकबुद्धी थोडी निजविली आहे, असे आमचे मत आहे. कादंबरीतील दुसरा बळी हा आर्येला मारझोड करणारा एक क्षुद्र कारभारी होता, व त्याचे नाव देऊन मुलगी संधी वाया गेल्याची हळहळ करते. मालिकेत मात्र दुसरा वधही जिवावरच्या संकटातून सुटण्यासाठी होतो. साहजिकच प्रेक्षक निःश्वास टाकतो. प्रश्न विचारीत नाही.

प्रश्न असा आहे: शब्दाला जागणे हा स्वयंपूर्ण सद्गुण आहे काय? मार्काच्या शुभवर्तमानातील हेरोदही शब्दाला जागला. भोजनास बसलेल्यांसमक्ष वाहिलेल्या शपथेखातर त्याने योहानाचे शिर तबकात आणविले. त्याची प्रतिज्ञा अभंग राहिली आणि एक संदेष्टा मारला गेला. जाकेनचा प्रामाणिकपणा याच जातीचा आहे. सहाव्या पर्वात (२०१६) तो आर्येला एका सहृदय नटीवर विषप्रयोग करावयास पाठवितो. तिचा मत्सर करणाऱ्या दुसऱ्या नटीने हा वध मागितला असावा, हे आर्येच्या ध्यानात येते. परंतु सेवकाने प्रश्न विचारू नयेत, असा त्या मंदिराचा नियम. आर्या विषाचा पेला उडवून देते. आमच्या दृष्टीने त्या संप्रदायाच्या कथेतील सर्वांत नीतिमान कृत्य म्हणजे हा आज्ञाभंग होय.

त्या मंदिराची दीक्षा म्हणजे नामत्याग. शिष्याने 'कोणीही नाही' व्हावयाचे. वरवर हे आत्मत्यागासारखे दिसते आणि येथेच आमच्या वाचकांनी सावध असावे. ख्रिस्ती आत्मत्यागात मनुष्य आपले हक्क सोडतो, आपले उत्तरदायित्व नव्हे. हिटलरविरुद्धच्या कटात सहभागी झालेले व १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी गेलेले डीट्रिख बॉनहोफर यांनी आपले हात निर्मळ असल्याचा दावा केला नाही. अशा कृत्याचा दोष कर्त्याने स्वतःवर घेतला पाहिजे, असे त्यांनी मानले. जाकेन दोष घेतच नाही. जो कोणीच नाही त्याला कोण जाब विचारणार? काइनाला झालेली पृच्छा मात्र चेहरा बदलल्याने टळत नाही.

मालिकेने हा जाब जाकेनला शेवटपर्यंत विचारला नाही, हे तिचे वैगुण्य. आर्या आपले नाव पुन्हा धारण करते तेव्हा तो केवळ किंचित हसतो. तिला नाव परत मिळाले, पण विद्या त्याचीच राहिली: सातव्या पर्वाच्या (२०१७) आरंभी ती परका चेहरा लावून फ्रे घराण्यातील पुरुषांस विषारी मद्य पाजते, आणि मालिका आपल्याकडून टाळ्यांची अपेक्षा करते.

तथापि न्याय्य बुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, आठव्या पर्वात (२०१९) तिला सूडापासून परतविणारा मनुष्य हा सभ्य मारेकरी नव्हे, तर 'शिकारी कुत्रा' या टोपणनावाने ओळखला जाणारा एक राकट योद्धा आहे. स्वतः सुडाने पोखरलेला असल्यामुळेच तो तिला आपल्यासारखी होऊ नकोस असे विनवितो. तेव्हा ती त्याला टोपणनावाने नव्हे, तर सँडॉर या त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून आभार मानते.

तरुणांशी बोलताना आमच्या उपदेशक बंधुभगिनींनी त्या नाण्यापेक्षा या हाकेविषयी बोलावे, असे आम्हांस वाटते.