कूट आणि गूढ : ‘विहीर’ चित्रपटाचा आस्वाद

कलाकृती चटकन उमगली नाही की तिला दुर्बोध म्हणून मोकळे होण्याची आपली सवय जुनी आहे. मर्ढेकरांच्या कवितेला तिचा जाच झाला; चित्रपटही त्यातून सुटलेला नाही. उमेश कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘विहीर’ (२००९) या चित्रपटाचा आस्वाद घेताना म्हणूनच कूट आणि गूढ यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. कूटाला उत्तर असते व ते सापडताच कूट संपते. गूढाच्या जितके जवळ जावे तितके ते खोल होत जाते.

या चित्रपटात वरवर पाहता दुर्बोध असे काहीच नाही. समीर आणि नचिकेत हे नात्याने भाऊ, परंतु वृत्तीने जिवलग मित्र. लग्नानिमित्त गावच्या घरी सारे कुटुंब जमते. नचिकेताचे मन मात्र या गोतावळ्यात रमत नाही. हे सारे सोडून दूर निघून जावे, असे तो बोलू लागतो. पुढे विहिरीत बुडून त्याचा मृत्यू होतो. तो अपघात होता की त्याने स्वतः निवडलेला मार्ग, हे चित्रपट सांगत नाही. समीर त्याला शोधत राहतो. घटना इतकीच, प्रत्येक प्रसंग बाळबोध वाटावा इतका सरळ. तरीही सुधीर पलसाने यांचा कॅमेरा पाण्यावर आणि मोकळ्या माळावर स्थिरावतो, तेव्हा परिचित जग अनोळखी होऊन बसते.

नचिकेत हे नाव योगायोगाने आलेले नसावे. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो, दीर्घायुष्य व वैभव नाकारतो आणि मृत्यूचे रहस्य जाणून घेतो. चित्रपटाने ही कथा उलटी केली आहे. येथे नचिकेत निघून जातो आणि प्रश्न मागे राहिलेल्याच्या पदरी पडतो. शिवाय उत्तर देणारा यमही कोठे नाही. समीरचे दुःख हे नुसते वियोगाचे दुःख न राहता जिज्ञासा होते, ते यामुळेच.

याच दिग्दर्शकाचे आणखी दोन चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे ‘विहीर’चे वेगळेपण स्पष्ट होते. ‘वळू’ (२००८) मध्ये मोकाट फिरणाऱ्या बैलाला अखेर जेरबंद करण्यात येते. ‘देऊळ’ (२०११) मध्ये एका भोळ्या गुराख्याला झालेल्या दत्तदर्शनाभोवती गाव मंदिर उभारते व बाजार मांडते. जे आटोक्यात येत नाही त्याला कोंडून टाकण्याची गावाची धडपड हा त्या दोन्ही चित्रपटांचा विषय, आणि त्यांतील विनोद त्यातूनच उमलतो. ‘विहीर’मध्ये कोंडण्याजोगे काही हाती लागतच नाही, म्हणून तेथे हसू मावळते आणि स्तब्धता येते.

विहीर हे मृत्यूचे, किंवा अंतर्मनाचे, प्रतीक आहे असे सांगून टीकाकाराला थांबता येईल. पण ते कूट सोडवणे झाले. पैनगंगेच्या परिसरातील बेल्यासारख्या कापूसपट्टीतील गावात विहीर कोणी प्रतीक म्हणून ओळखत नाही. ती आधी पाण्याची, पिकाची, पोहण्याची आणि धास्तीची जागा असते. चित्रपटातील विहीरही आधी अशीच खरीखुरी आहे, म्हणूनच ती प्रतीकाचा भार पेलू शकते.

सीमाभागातील मराठीच्या शिक्षकाला या विवेचनातून काही घेता येण्याजोगे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ पासून तो तेलंगणात आहे. घरात मराठी बोलणाऱ्या तेथील मुलाला कार्यालयात आणि व्यवहारात दुसरी भाषा लागते. अशा ठिकाणी मराठी जर केवळ ‘कवितेचा भावार्थ लिहा’ एवढ्यापुरती उरली, तर परीक्षेबरोबर तिचेही प्रयोजन संपेल. नचिकेत का गेला, असे विद्यार्थ्याने विचारले तर तयार उत्तर त्याच्या हाती देण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. तो प्रश्न काही काळ वर्गात तसाच राहू द्यावा. ज्या भाषेत माणसाला आपला न सुटणारा प्रश्न विचारता येतो, ती भाषा त्याला सहसा सोडवत नाही.