अमेरिकन वाङ्मयेतिहासातील कालखंड : लेखनकाळ आणि वाचनकाळ

वाङ्मयेतिहासातील कालखंडांची नावे एकदा रूढ झाली की ती इतिहासकाराने केलेली मांडणी न राहता वस्तुस्थिती म्हणूनच वावरू लागतात. वसाहतकाळ, क्रांतिकाळ, रोमँटिक कालखंड अथवा ‘अमेरिकन रेनेसान्स’, यादवी युद्धानंतरचा वास्तववाद, निसर्गवाद, आधुनिकतावाद आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा कालखंड ही अमेरिकन साहित्याची मांडणी भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत इतकी मुरली आहे, की तिचे निकष परस्परांशी जुळत नाहीत हे सहसा जाणवत नाही. त्यांतील काही नावे राजकीय घटनांवरून आलेली आहेत, काही शैलीवरून. यादवी युद्धानंतरच्या दशकांना इतिहासकार ‘गिल्डेड एज’ म्हणतात. ते नाव तर मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी मिळून लिहिलेल्या १८७३ च्या एका उपरोधिक कादंबरीचे. अशा विसंगती सर्वच भाषांच्या इतिहासांत असतात आणि त्यांवर पुष्कळ चर्चा झालेली आहे. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न वेगळा आहे. साहित्यकृती लिहिली जाण्याचा काळ आणि ती साहित्य म्हणून वाचली जाण्याचा काळ यांत मोठे अंतर पडले असेल, तर ती कोणत्या कालखंडाची मानावयाची?

या प्रश्नाचे मध्यवर्ती उदाहरण म्हणजे एफ. ओ. मॅथिसन यांचा १९४१ साली प्रसिद्ध झालेला ‘अमेरिकन रेनेसान्स’ हा ग्रंथ. १८५० ते १८५५ या अवघ्या काही वर्षांत हॉथॉर्नचे ‘द स्कार्लेट लेटर’, मेल्व्हिलचे ‘मोबी-डिक’, थोरोचे ‘वॉल्डन’ आणि व्हिटमनचे ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ प्रकाशित व्हावे, आणि या सर्वांमागे इमर्सनच्या विचाराची सावली असावी, या योगायोगाने मॅथिसन स्तिमित झाले होते. ‘रेनेसान्स’ ही संज्ञा शब्दशः येथे लागू पडत नाही, कारण पुनर्जन्म होण्यासारखे आधीचे काही नव्हते, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. संस्कृतीला प्रथमच आलेली प्रौढता त्यांना या शब्दाने सुचवायची होती. या पाच लेखकांना एकत्र आणणारा धागा म्हणून त्यांनी लोकशाहीच्या शक्यतांवरील निष्ठेकडे बोट दाखविले. मंदीचे दशक नुकतेच सरले होते, युरोपात फॅसिझमने थैमान मांडले होते, आणि मॅथिसन स्वतः समाजवादी विचारांचे होते. अशा वेळी हा निकष पुढे यावा यात नवल नाही.

परंतु १८५५ मधील वाचकाला हा कालखंड दिसलाच नसता. ‘मोबी-डिक’च्या अमेरिकन आवृत्तीच्या प्रती मेल्व्हिलच्या हयातीत जेमतेम तीन हजारांच्या आसपास खपल्या. १८६६ पासून त्याने एकोणीस वर्षे न्यूयॉर्क बंदरात जकात निरीक्षकाची नोकरी केली आणि १८९१ मध्ये तो जवळजवळ विस्मृत अवस्थेत मरण पावला. रेमंड वीव्हर यांनी लिहिलेले त्याचे चरित्र आले १९२१ साली; ‘बिली बड’ छापले गेले १९२४ साली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय कवी म्हणून ज्यांची नावे घेतली जात ते लाँगफेलो, व्हिटियर, लोवेल आणि होम्स हे घरोघरी शेकोटीजवळ वाचले जाणारे कवी होते. म्हणजे ज्याला आपण १८५० च्या दशकातील प्रबोधन म्हणतो, ते त्या आकारात सिद्ध झाले ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व पाचव्या दशकांच्या दरम्यान. मॅथिसन यांच्या ग्रंथाचे मोल याने कमी होत नाही. मात्र तो ग्रंथ आधुनिकतावादाच्या काळातील समीक्षेचा दस्तऐवज म्हणूनही वाचला पाहिजे, आणि आपल्याकडे तो तसा क्वचितच वाचला जातो.

एमिली डिकिन्सनच्या बाबतीत हा पेच अधिक खोल आहे. तिच्या हयातीत दहाएक कविताच छापल्या गेल्या, त्याही निनावी. तिच्या जवळजवळ निम्म्या कविता १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या वर्षांतील आहेत असे हस्तलिखितांच्या अभ्यासावरून मानले जाते. युद्ध हीच जर कालखंडांची सीमारेषा, तर ही कवयित्री नेमकी रेषेवर उभी आहे. १८८६ मध्ये तिचे निधन झाले. मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन यांनी १८९० मध्ये पहिला संग्रह काढला तेव्हा कवितांना शीर्षके दिली, विरामचिन्हे सरळ केली, यमके सावरली आणि विषयवार विभाग पाडले. हॉवेल्स आणि हेन्री जेम्स यांच्या वास्तववादाच्या ऐन बहरात हा संग्रह अनेक आवृत्त्यांतून गेला. १९३२ मध्ये ॲलन टेट यांनी तिच्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला, तेव्हाही त्यांच्यासमोर मूळ संहिता नव्हती. तिची तुटक, रेघांनी भरलेली रचना १,७७५ कवितांसह वाचकांपुढे आली ती १९५५ मधील थॉमस एच. जॉन्सन यांच्या संपादनातून; राल्फ फ्रँकलिन यांच्या १९९८ च्या संपादनात ही संख्या १,७८९ झाली. मग डिकिन्सन १८६० च्या दशकातील की १८९० च्या, की विसाव्या शतकाच्या मध्यावरील? पाठ्यपुस्तके तिला व्हिटमनशेजारी बसवून मोकळी होतात. ही सोय आहे, उत्तर नव्हे. व्हिटमन १८५५ पासून १८९१-९२ च्या अखेरच्या आवृत्तीपर्यंत आपला ग्रंथ वाचकांसमक्ष वाढवीत राहिला. डिकिन्सनने आपले हस्तलिखित कागद शिवून पेटीत ठेवले. दोघांचे ‘समकालीनत्व’ एकाच अर्थाचे कसे म्हणता येईल?

हेच जॉन्सन आणखी एका कारणासाठी येथे उल्लेखनीय ठरतात. मॅसॅच्युसेट्समधील वेस्टफील्ड येथे धर्मोपदेशक असलेल्या एडवर्ड टेलरचे १७२९ मध्ये निधन झाले. त्याच्या कविता येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात हस्तलिखित रूपात पडून होत्या. जॉन्सन यांनी त्या १९३७ मध्ये उजेडात आणल्या. त्यापूर्वी वसाहतकाळातील कविता म्हटली की मुख्यतः १६५० मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या ॲन ब्रॅडस्ट्रीटचे नाव पुढे येई. आज टेलर हा त्या काळातील सर्वांत समर्थ कवी मानला जातो. पण त्याच्या समकालीनांवर वा पुढच्या दोन शतकांतील कवींवर त्याचा प्रभाव शून्य आहे. परंपरेचा दुवा न होताच तो परंपरेचा आरंभबिंदू झाला.

मराठी अभ्यासकाला ही स्थिती परकी वाटू नये. महानुभाव पंथाचे तेराव्या शतकातील गद्य सकळा, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना दुर्गम राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिप्या उलगडल्यावर ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याच्या उगमस्थानी येऊन बसले. फरक इतकाच की महानुभाव ग्रंथांना पंथांतर्गत अखंड वाचक होता. टेलरला तोही नव्हता.

आतापर्यंतची उदाहरणे विस्मृतीतून वर आलेल्यांची होती. उलट बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ च्या कादंबरीच्या अमेरिकेत पहिल्या वर्षातच सुमारे तीन लाख प्रती खपल्या. फ्रेडरिक डग्लस यांचे दुसरे आत्मचरित्र ‘माय बाँडेज अँड माय फ्रीडम’ हे ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्याच वर्षी, १८५५ मध्ये आले. मॅथिसन यांच्या प्रबोधनाच्या मंडळात या दोघांनाही जागा नाही. लोकप्रिय पुस्तकांचा आपण विचार करणार नाही हे त्यांनी लपविलेले नाही, त्यामुळे स्टो यांच्या अभावाचे समर्थन कलात्मकतेच्या निकषावर एक वेळ करता येईल. डग्लस यांच्याबाबत मात्र ते टिकत नाही. लोकशाहीच्या शक्यतांवरील निष्ठा हाच जर पाचांना बांधणारा धागा, तर गुलामगिरीतून निसटून त्या लोकशाहीलाच जाब विचारणारा लेखक बाहेर राहतो कसा? हा आक्षेप बाहेरून लादलेला नाही, मॅथिसन यांच्याच निकषातून तो निघतो.

१९८५ मध्ये जेन टॉम्पकिन्स यांनी स्टो यांची भावुकता हा दोष नसून समाजाला हलविण्याचे साधन आहे अशी बाजू मांडली. १९८८ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी त्या काळातील स्वस्त, भडक, सुधारणावादी लेखनाचा प्रचंड साठा खणून काढला. रेनॉल्ड्स यांची विद्वत्ता थक्क करणारी आहे. पण त्यांच्या मांडणीत हे लेखन बव्हंशी श्रेष्ठ लेखकांच्या मुळांशी असलेली माती होते. मूळ उतरंड जागेवरच राहते. टॉम्पकिन्स यांचा प्रश्न त्यामानाने अधिक मुळाशी जातो, जरी साहित्याचे सामाजिक कार्य आणि त्याचे वाङ्मयीन मूल्य यांतील भेद त्या फारच सहज पुसून टाकतात.

‘रेनेसान्स’ ही संज्ञा पुढे हार्लेमलाही चिकटली. १९२५ मध्ये अलेन लॉक यांनी संपादित केलेल्या ग्रंथाचे नाव ‘द न्यू नीग्रो’ होते, आणि त्या पिढीत ‘नवा नीग्रो’ हाच शब्द अधिक रुळलेला होता. त्यातील झोरा नील हर्स्टन यांची १९३७ ची कादंबरी पुढे दुर्मीळ झाली; १९७५ मध्ये ॲलिस वॉकर यांनी त्यांच्यावर लिहिल्यानंतर आणि १९७८ मधील पुनर्मुद्रणानंतर ती अभ्यासक्रमांत आली. येथेही तेच अंतर.

मराठीत अमेरिकन साहित्य कोणत्या क्रमाने आले हे पाहिले तर अंतराचा हा प्रश्न आणखी एक वळण घेतो. एका बाजूला दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले. हा मॅथिसन यांच्या यादीतील ग्रंथ. दुसऱ्या बाजूला १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहून कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. दलित लेखक आणि समीक्षक यांच्यासाठी अमेरिकन साहित्याचा प्रवेशबिंदू काँकॉर्डचे तळे नव्हता. इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमांत इमर्सन-थोरो शिकविले जात असताना मराठी नियतकालिकांत एक दुसराच कालक्रम घडत होता, ज्यात गुलामगिरीच्या कथनापासून सुरुवात होते. तौलनिक अभ्यासाने या दोन क्रमांना समोरासमोर आणलेले नाही. प्रत्येक कृतीपुढे लेखनाचे वर्ष, मूळ भाषेतील स्वीकाराचे वर्ष आणि मराठीतील प्रवेशाचे वर्ष अशी तीन वर्षे मांडणारी सूची तयार झाली, तर डग्लस आणि थोरो हे दोघे मराठीत एकमेकांचे समकालीन केव्हा झाले, या प्रश्नापासून सुरुवात करता येईल.