सज्जा आणि कांच

प्रवासवर्णनें लिहिणारे आमचे लेखक देवळें, किल्ले, धबधबे आणि पदार्थसंग्रहालयें यांविषयीं भरभरून लिहितात. परंतु ज्या घरांच्या रांगांमधून ते रोज जातात त्या घरांच्या सज्ज्यांविषयीं त्यांच्या लेखणींतून एखादें वाक्यहि क्वचितच उतरतें. आमच्या मतें ही मोठी उणीव होय. देऊळ लोक देवासाठीं बांधितात, राजवाडा सत्तेसाठीं बांधिला जातो. सज्जा मात्र माणूस केवळ स्वतःसाठीं, आणि तोहि रस्त्याच्या साक्षीनें, बांधितो. तो पुरता घरांत नसतो आणि पुरता बाहेरहि नसतो. एखाद्या गांवचीं माणसें परक्यास किती जवळ येऊं देतात, बायकांस किती दूर पाहूं देतात आणि ऊनपावसाशीं कसा तह करितात, हें जाणावयाचें असेल तर मान वर करून तेथील सज्जे पाहावे.

सज्ज्याची परीक्षा कशी करावी? नक्षी, रंग आणि डौल पाहून ती करितां येईल; पण ती वरवरची होईल. आम्हांस असें वाटतें कीं, सज्ज्यावाटे घरांत चार पाहुणे येतात. ते म्हणजे उजेड, वारा, दृष्टि आणि शब्द. यांपैकीं कोणास आंत घ्यावयाचें आणि कोणास दाराशींच थोपवावयाचें, हें सज्जा कशानें मढविला आहे त्यावर ठरतें. लांकडी जाळी, शिंपला आणि कांच या तिहींचे स्वभाव या बाबतींत अगदीं निरनिराळे आहेत. आणि देशोदेशींच्या सज्ज्यांची तुलना करावयाची तर याच कसोटीवर करणें न्यायाचें होईल.

कैरो शहरांतील जुन्या घरांना 'मश्रबिया' नांवाचे जाळीदार सज्जे असत. लांकडाचे लहान लहान कांतीव तुकडे एकमेकांत गुंतवून ही जाळी साधलेली असते. या नांवाचें नातें पिणें या अर्थाच्या अरबी धातूशीं जोडतात. आपला 'सरबत' त्याच कुळांतला. वाऱ्याच्या झोतांत पाणी गार राहावें म्हणून त्याचीं मडकीं या सज्ज्यांत ठेवीत. ही जाळी वारा घेई, शब्द घेई, कडक उन्हांतून मवाळ उजेड गाळून घेई. दृष्टीला मात्र ती एकाच बाजूनें वाट देई. आंतल्या बाईनें रस्ता पाहावा, पण रस्त्यानें तिला पाहूं नये, अशी ती योजना. त्या कारागिरीची स्तुति करितांना ही अट विसरणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

गोव्यांतील जुन्या घरांची तऱ्हा वेगळी. तेथील खिडक्यांत कांचेच्या जागीं शिंपल्यांचे पातळ तुकडे लांकडी चौकटींत बसविलेले आढळतात. त्यांतून दुधासारखा उजेड येतो, पण पलीकडचें कांहींच दिसत नाहीं. खिडकीची ही उणीव गोंवेकरानें दाराशीं भरून काढिली. दारापुढें, पायऱ्यांच्या माथ्यावर, छपराखालीं दोन्ही बाजूंस बसण्याचे कट्टे असलेला उघडा 'बाल्कांव' असतो. संध्याकाळीं घरचीं माणसें तेथें बसतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्याची विचारपूस करितात. खिडकीनें अडविलेली दृष्टि आणि शब्द दारानें परत दिले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कांच या दोहोंहून धूर्त आहे. ती उजेडास व दृष्टीस दोन्ही बाजूंनीं मोकळी वाट देते; वारा आणि शब्द यांस मात्र बाहेर उभें करिते. ती महाग होती तोंवर तिचा हा स्वभाव कोणास फारसा जाचला नाहीं. इंग्लंडांत कांचेवरील जकात १८४५ सालीं उठली आणि खिडक्यांवरील कर १८५१ सालीं उठला. त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत जोसेफ पॅक्स्टन यानें लोखंड व कांच यांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारिला. पॅक्स्टन हा मूळचा माळी. उष्ण देशांतून आणिलेल्या नाजूक झाडांसाठीं कांचगृहें बांधतां बांधतां त्यास ही विद्या साधली होती. थंड देशांत परकीं झाडें जगविण्यासाठीं निघालेली युक्ति पुढें माणसांच्या वस्तीस लागू झाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण कांचगृहाचा गुण आणि दोष एकच आहे. सूर्याचे किरण आंत येतात, आणि त्यांनीं तापलेली हवा बाहेर पडत नाहीं.

हा गुण जेथें खरोखर कामास आला, असें एक ठिकाण म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांतील आ कोरुन्या हें बंदर. अटलांटिक महासागराचा वारा आणि पाऊस यांचा मारा या गांवानें नेहमींच सोसिला आहे. तेथील मरीना नांवाच्या रस्त्यावर बंदराकडे तोंड करून जीं उंच घरें उभीं आहेत, त्यांचे वरचे मजले पांढऱ्या लांकडी चौकटींच्या तावदानांनीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत झांकलेले आहेत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत ही पद्धत बळावली, आणि तिच्यावरून गांवास 'कांचेचें शहर' असें नांव पडलें. मौज अशी कीं, आज प्रवासी ज्या बाजूचीं चित्रें घेतात ती या घरांची मुळांत पाठ होय. त्यांचें दर्शनी तोंड आंतल्या रस्त्याकडे. बंदराकडची बाजू होड्यांची आणि कोळ्यांची. पाठच ती, म्हणून तेथें डौलाचा आव आणण्याची गरज पडली नाहीं. वारा थोपवावा, पाऊस बाहेर ठेवावा, चार घटका ऊन सांपडलें तर तें सांठवावें, एवढाच हेतु. खोली आणि समुद्र यांच्यामध्यें उभें राहून हा कांचेचा सज्जा थंडीचा कडाका आपल्या अंगावर घेतो. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्यांतील तावदानें खालींवर सरकतात. हवा निवळली कीं तीं उचलावीं आणि खालच्या माणसास हांक मारावी. कांचेनें ज्या दोन पाहुण्यांस अडविलें, त्यांस आंत घेण्याची सोय चौकटींतच करून ठेविली आहे. आम्ही या सज्ज्यांस पहिला मान देतों तो त्यांच्या झगमगाटासाठीं नव्हे, तर या शहाणपणासाठीं.

या कांचेच्या सज्ज्यांस त्या देशांत 'गालेरिया' म्हणतात. भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटाच्या राजधानींत, व्हॅलेटा येथें, अरुंद रस्त्यांवर पुढें झुकलेले हिरव्या, तांबड्या, निळ्या रंगांचे लांकडी बंद सज्जे आहेत. त्यांचें तेथील नांव 'गल्लरिया'. आणि मुंबईचा चाळकरी इंग्रजाच्या 'बाल्कनी'स खुशाल 'गॅलरी' म्हणतो. तीन बंदरांनीं एकच शब्द घराच्या त्याच अवयवास द्यावा, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. माल्टांतील बायका सज्ज्याच्या तावदानांतून दोरीनें टोपली खालीं सोडून फेरीवाल्याकडून पाव घेत. गिरगांवांतल्या गॅलरींतून भाजीसाठीं सोडलेली पिशवी ज्यानें पाहिली आहे, त्यास हें दृश्य परकें वाटणार नाहीं. टोपली खालीं जावयाची तर तावदान उघडावें लागतें. तावदान उघडलें कीं भावाची घासाघीस होते. आणि घासाघीस चालली असतां चार घरांच्या बातम्या कळतात. सज्ज्याचें खरें काम हेंच.

तिबिलिसी या जॉर्जिया देशाच्या राजधानींतहि जुन्या घरांना कांचेनें बंद केलेल्या लांकडी ओसऱ्या आहेत. त्यांस तेथें 'शुशाबंदी' म्हणतात. हा शब्द फारसीच्या वाटेनें तिकडे गेला. आपल्याकडे 'शिशी' आणि 'बंद' हे दोन्ही शब्द रुळलेले असल्यामुळें त्याचा अर्थ मराठी वाचकास सांगावयास नको. यांतील पुष्कळ ओसऱ्या समुद्राकडे किंवा राजरस्त्याकडे पाहात नाहींत. त्या सामाईक अंगणाकडे पाहतात. समोरच्या कांचेआड शेजारी असतो, आणि खालीं सर्वांचें मिळून एकच अंगण असतें. कांच येथें थंडी अडविते, शेजार अडवीत नाहीं.

येथवर कांच ही घराची चाकर होती. २० व्या शतकाच्या आरंभीं तिला एकदम तत्त्वज्ञान चिकटलें. पॉल शेअरबार्ट या जर्मन लेखकानें १९१४ सालीं कांचेच्या वास्तुकलेवर एक पुस्तक प्रसिद्ध करून असें प्रतिपादिलें कीं, माणसाची संस्कृति त्याच्या घरांतून घडते. यास्तव ती उंचवावयाची तर कोंडलेल्या खोल्या सोडून रंगीत कांचेचीं घरें बांधावीं. त्याच वर्षीं ब्रूनो टाउट यानें कोलोन येथील प्रदर्शनांत कांचेचा मंडप उभारून त्या स्वप्नास आकार दिला. पुस्तकांत कल्पनेची भरारी आहे. परंतु लेखकाचा सारा जीव रंग आणि उजेड यांत गुंतलेला. उजेडाची भूक आणि पाहिलें जाण्याची भीति या दोन्ही एकाच माणसाच्या ठायीं नांदतात, याचा हिशेब त्यानें पुरता मांडिला नाहीं. तो मांडिला रशियन कादंबरीकार येव्गेनी झम्यातिन यानें. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या 'आम्ही' या कादंबरींत सारीं घरें कांचेचीं आहेत, आणि पडदा ओढावयाचा झाला तर राज्याची परवानगी लागते. दृष्टि मोकळी झाली म्हणजे माणूस मोकळा झाला, हें समीकरण किती पोकळ आहे, तें ही कादंबरी वाचून कळतें.

आम्हां भारतीयांस तर हा धडा फार पूर्वीं मिळाला आहे. मयसभेंत दुर्योधन स्फटिकाच्या भूमीस पाणी समजून वस्त्र आवरितो, पाण्यास भूमि समजून त्यांत पडतो, आणि स्फटिकाच्या दारावर कपाळ आपटून घेतो. पाहणारे हंसतात, तें हंसूं त्याच्या मनांत सलत राहतें, आणि पुढें द्यूताचा डाव मांडिला जातो. विटांची भिंत आपण भिंत आहों हें लपवीत नाहीं. जी भिंत वाट असल्याचा बहाणा करिते, तिच्यावर कपाळ फुटतें.

आतां आपल्या शहरांकडे वळूं. पुण्यांतील विश्रामबाग वाड्याचा कोरीव लांकडी सज्जा आजहि रस्त्यावर झुकून उभा आहे, आणि चाळीच्या गॅलरीनें तर तीन पिढ्यांस शेजारधर्म शिकविला. पण मुंबईपुण्याच्या इमारतींत गेल्या कित्येक वर्षांत सज्जा खोलींत ओढून घेऊन त्यास सरकत्या कांचा बसविण्याची चाल पडली आहे. तिची थट्टा करणें सोपें आहे, न्याय्य नाहीं. जेथें चार माणसांचा संसार दोन खोल्यांत मांडावा लागतो, तेथें मुलाच्या अभ्यासाचें मेज किंवा आजोबांची खाट सज्ज्यांत जाणें हा गरजेचा प्रकार आहे. शिवाय धूळ, डांस, रहदारीचा गोंगाट आणि आडवा पाऊस हे कांहीं कल्पित शत्रु नव्हत. सरकत्या कांचेची निदान एक बाजू उघडते, म्हणून हा प्रकार आम्ही क्षम्य मानितों.

क्षम्य नाहीं तो दुसरा प्रकार. नव्या गगनचुंबी इमारतींपैकीं कांहींना आतां आरपार कांचेच्या भिंती असतात, आणि त्या कांचेचा मोठा भाग मुळींच उघडत नाहीं. आ कोरुन्यास जें ऊन सांठवावयाचें होतें, तें मुंबईस टाळावयाचें आहे. तरी आपण कांचगृह बांधितों, तें तापतें, आणि मग तें निवविण्यासाठीं दिवसभर यंत्र चालवितों. हवेचें हें नुकसान विजेच्या देयकांत तरी दिसतें. शब्दाचें नुकसान कोणत्याच देयकांत दिसत नाहीं. तिसाव्या मजल्यावरच्या कांचेशीं बसलेल्या आजीबाईंना सारें शहर दिसतें, खाडी दिसते, दूरवरची आगगाडी दिसते; पण खालून कोणी "जेवण झालें का?" असें विचारीत नाहीं, आणि त्यांनीं विचारिलें तर कोणास ऐकूं जात नाहीं. एवढें विस्तीर्ण दृश्य आणि एवढा एकांत पूर्वींच्या कोणत्याहि सज्ज्यानें माणसास एकदम दिला नव्हता.

२०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या साथीनें सर्वांस घरांत बसविलें, तेव्हां सज्ज्याची किंमत एकाएकीं कळून आली. २२ मार्चला संध्याकाळीं पांच वाजतां देशभर लोक सज्ज्यांत आणि खिडक्यांत येऊन थाळ्या वाजवूं लागले. त्या थाळ्यांविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. तेव्हां आणि पुढच्या टाळेबंदींत उघडा सज्जा ही चैन नसून गरज आहे, हें पुष्कळांस पटलें. समोरच्या घरांतील माणूस तोंडओळखीचा झाला तो कांचेंतून पाहून नव्हे. कठड्याशीं उभे राहून चार शब्द बोलल्यामुळें.

रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकांत आमचें म्हणणें आमच्याहून चांगलें मांडलेलें आहे. आजारी अमलला बाहेरचें ऊनवारा लागूं देऊं नये, असें वैद्यबुवा बजावतात. तरी तो पोरका मुलगा खिडकीशीं बसून दहीवाल्याशीं, पहारेकऱ्याशीं, फुलें वेंचणाऱ्या सुधेशीं बोलतो, आणि त्याचें जग खोलीहून मोठें होतें. त्या खिडकीस न उघडणारी कांच असती तर अमलला दहीवाला दिसला असता, पण दहीवाल्याचा गांव कळला नसता. म्हणजे नाटकच झालें नसतें. अखेरीस राजवैद्य येतो तो पहिल्यानें सारीं दारेंखिडक्या उघडावयास सांगतो.

घरांस कांच नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. आमची मागणी एवढीच कीं, ती उघडणारी असावी आणि तिची कडी घरच्या माणसाच्या हातीं असावी. नवें घर पाहावयास जाणारीं कुटुंबें हल्लीं खोलीची लांबीरुंदी मोजतात, फरशी पाहतात, नळ सोडून पाहतात. तीं इतकें करितात तर त्यांनीं आणखी एक करावें. सज्ज्याच्या तावदानास हात लावून तें सरकतें का, तें पाहावें. आणि सरकलें तर खालीं उभ्या असलेल्या आपल्या माणसास एक हांक मारून पाहावी. उत्तर ऐकूं आलें, तर घराचा विचार पुढें करावयास हरकत नाहीं.